माळव्याचा वाग्गेयकार : कै. पं. कुमार गंधर्व

आपल्या संगीतशास्त्रात 'वाग्गेयकार' असा एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ सिद्ध केला. गीताच्या शब्दभागाला 'मातु' व स्वरभागाला 'धातु' म्हणावे आणि हे दोन्ही जो स्वतः निर्माण करतो त्याला वाग्गेयकार ही पदवी द्यावी, अशी व्यवस्था त्याने सांगितली. दुसऱ्याच्या धातूवर आपले शब्द बसवणाऱ्यास त्याने 'कुट्टिकार' असे काहीसे उणे नाव दिले आहे. गाणे गळ्यातून चांगले निघाले एवढ्याने शास्त्रकाराचे समाधान होत नव्हते. ते रचणारे मनही त्याच गळ्याचे असावे, ही त्याची अपेक्षा होती.

हिंदुस्थानी संगीतात पुढे ही अपेक्षा मागे पडत गेली. अठराव्या शतकात दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारी सदारंगाने ख्यालाच्या असंख्य बंदिशी रचल्या. त्यानंतरही रचनाकार झाले, परंतु एकोणिसाव्या शतकात घराण्यांची चौकट पक्की झाल्यावर बंदिश ही मुख्यतः वारशाने मिळणारी ठेव बनली. गुरूने दिलेली चीज शुद्ध स्वरूपात सांभाळणे आणि तिच्या आधाराने राग विस्तारणे, हेच गायकाचे कर्तव्य ठरले. नवी रचना करणे कोणी निषिद्ध मानले नव्हते, पण तिची निकडही कोणाला भासत नव्हती. अशा काळात शब्दही आपले, चालही आपली, प्रसंगी रागही आपला आणि गाणेही आपलेच, अशा स्वतंत्र वृत्तीने एक गायक इंदुरापासून जेमतेम चाळीस किलोमीटरांच्या आत, देवाससारख्या लहान गावी चव्वेचाळीस वर्षे राहिला. इंदुरातील एका मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात त्या पं. कुमार गंधर्वांच्या जीवनाचे स्मरण करणे सर्वथा उचित होय.

कुमारजींचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावनजीकच्या सुळेभावी या गावी एका कानडी भाषिक लिंगायत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सिद्धरामय्या स्वतः गात असत. घरात ध्वनिमुद्रिका वाजत. वयाच्या सहासात वर्षांपर्यंत या मुलामध्ये संगीताचे काही विशेष लक्षण कोणाला दिसले नव्हते. मग एकाएकी तो गाऊ लागला आणि गाऊ लागला तो थेट थोर गायकांच्या मुद्रिकांबरहुकूम. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, फैयाज खाँ यांच्या तबकड्यांतील प्रत्येक हरकत जशीच्या तशी त्या कोवळ्या गळ्यातून उमटू लागली. एका मठाधिपती स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' ही उपाधी दिली आणि पुढे मूळ नाव मागे पडून उपाधीच नाव होऊन बसली. वडिलांनी मुलाला घेऊन गावोगाव जलसे केले. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत अकरा वर्षांच्या या बालकाने जाणकारांना थक्क केले आणि १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधील मैफलीने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

अशा अद्भुत बालकांचे पुढे काय होते, याचे अनुभव फारसे सुखद नाहीत. अनुकरणाची सिद्धी हीच त्यांची मर्यादा ठरते. ज्या गळ्याला सर्वांचे गाणे येते त्याला स्वतःचे गाणे सापडणे अवघड जाते. कुमारजींच्या बाबतीत ही आपत्ती टळली, याचे श्रेय प्रा. बी. आर. देवधर यांना द्यावे लागेल. देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. मुंबईत ते संगीत विद्यालय चालवीत. एका घराण्याची कड घेऊन इतरांकडे पाठ फिरवण्याची वृत्ती त्यांच्यात नव्हती. नाना घराण्यांचे गवई त्यांच्या विद्यालयात येत, गात, चर्चा करीत. १९३६ पासून कुमारजी त्यांच्याकडे राहून शिकले. अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांना विद्या मिळाली. देवधरांनी या मुलाला आणखी चार चिजा शिकवण्यापेक्षा एक मोठी गोष्ट दिली. जे तो सहज करू शकत होता ते का करावयाचे, हा प्रश्न विचारण्याची सवय त्याला लावली. घराण्याचे बंधन न घालता विद्येचे मात्र बंधन घालणारा गुरू मिळणे हा योग दुर्मीळ. पुढच्या काळात ज्यांनी कुमारजींना बंडखोर म्हटले त्यांनी ही दहा-अकरा वर्षांची शिस्त लक्षात घेतली पाहिजे.

एप्रिल १९४७ मध्ये त्यांचा विवाह भानुमती कंस यांच्याशी झाला. त्या मूळच्या कराचीच्या आणि देवधरांच्याच विद्यार्थिनी. तेवीस वर्षांचा तरुण, कीर्ती शिगेला पोहोचलेली, आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. फुप्फुसाचा क्षय हा त्या काळी मृत्युदंडच समजला जाई. गायकाच्या बाबतीत तर ती शिक्षा दुहेरी होती, कारण श्वास हेच त्याचे भांडवल. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेच्या ठिकाणी जावे, असा वैद्यकीय सल्ला मिळाला आणि १९४८ च्या जानेवारीअखेर हे दांपत्य देवासला आले. ते दिवस महात्माजींच्या हत्येचे. देश शोकात बुडालेला असताना हे आजारी गायक परक्या गावात बिऱ्हाड मांडत होते.

देवास हे गाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्यांची दोन संस्थाने एकाच गावात नांदत असलेले हे एक नवलच. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीसपद सांभाळले होते आणि पुढे त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. संगीतात देवासचे नाव उस्ताद रजब अली खाँ यांच्यामुळे दुमदुमत होते. कुमारजी आले त्या वेळी खाँसाहेब हयात होते. त्यांचे निधन १९५९ साली झाले. परंतु राजाश्रयाचे युग मात्र मावळत होते. १९४८ च्याच मे महिन्यात मध्य भारत संघ स्थापन झाला आणि देवासची दोन्ही संस्थाने त्यात विलीन झाली. म्हणजे ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या गवई दरबाराच्या आधाराने जगले, त्या गावात हा गायक दरबार उठत असताना येऊन पोहोचला. त्याला ना राजाचे वेतन होते, ना घराण्याचे पाठबळ, ना गाण्याची परवानगी.

डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली होती. पाच-सहा वर्षांचा हा काळ अंथरुणावर गेला. घर चालवले ते भानुमतीबाईंनी. त्यांनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, पतीची शुश्रूषा केली आणि स्वतःचे गाणे बाजूस ठेवले. कलावंताच्या स्वातंत्र्याविषयी आपण मोठ्या गौरवाने बोलतो. ते स्वातंत्र्य कोणाच्या तरी नियमित पगारावर आणि मूक कष्टांवर उभे असते, हे मात्र सहसा लिहिले जात नाही. कुमारजींच्या चरित्रात हे पान वगळून पुढे जाता येणार नाही.

त्या पाच-सहा वर्षांत त्यांच्या गळ्याला विश्रांती होती, कानाला नव्हती. घरावरून बायाबापड्या बाजारात जात, शेतावरून परतत, लग्नाच्या वरातीत गात, बाळंतविडा घेऊन येताना गात. सकाळच्या प्रहरी भिक्षेकरी जोगी एकतारीवर निर्गुणी भजने म्हणत फिरत. देवासची टेकडी आणि तिच्यावरील तुळजाभवानी व चामुंडा या दोन देवींची स्थाने, तेथील नवरात्राची वर्दळ, शीलनाथ महाराजांच्या धुनीवरील नाथपंथी भजने, हे सारे त्या खिडकीतून आत येत होते. ज्याने लहानपणी सर्व थोर गवयांच्या मुद्रिका कानात साठवल्या, त्याच कानाने आता माळव्यातील निरक्षर स्त्रियांची गाणी साठवली. फरक इतकाच की मुद्रिकांची त्याने नक्कल केली होती. या गाण्यांपाशी तो विचार करीत थांबला.

या विचारातून जे निष्पन्न झाले ते कुमारजींचे संगीतशास्त्राला सर्वांत महत्त्वाचे देणे होय. लोकगीताची धून तीन, चार, फार तर पाच स्वरांत फिरते. तिला शास्त्र ठाऊक नसते. तरीही तिच्या स्वरांच्या ठेवणीत एक आंतरिक सुसंगती असते. काही स्वर पुनःपुन्हा येतात, काही वगळले जातात, एक विशिष्ट वळण टाळता येत नाही. रागाची लक्षणे याहून वेगळी ती काय? तेव्हा राग हे पंडितांनी कागदावर आखलेले यंत्र नसून अशा धुनींचा परिपक्व विस्तार आहे, या निष्कर्षाप्रत ते आले. लोकसंगीत हे शास्त्रीय संगीताचे दरिद्री भावंड मानण्याचा प्रघात होता. कुमारजींच्या दृष्टीने ते भावंड नसून जननी होते.

हा निष्कर्ष त्यांनी व्याख्यानात सांगून सोडून दिला नाही. काही निवडक माळवी धुनींच्या पोटात दडलेले राग त्यांनी उलगडून दाखवले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, बीहड भैरव, मधसुरजा, निंदियारी ही त्यांपैकी काही नावे. या रागांना त्यांनी 'धुनउगम' राग म्हटले. नवे राग पूर्वीही होत होते, परंतु ते बहुधा दोन प्रचलित रागांच्या मिश्रणातून. कुमारजींनी जोडकाम केले नाही. बी पेरून रोप वाढवावे तसे धुनीतून राग वाढवले.

दरम्यान औषधशास्त्रात क्रांती झाली होती. अमेरिकेत १९४३ साली शोधले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन हिंदुस्थानात उपलब्ध होऊ लागले आणि त्याच्या गुणाने कुमारजींचे प्राण वाचले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसू लागले. मात्र एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. लांब पल्ल्याचे आलाप, दमसासाची अखंड तान, ही पूर्वीची सामग्री आता पूर्वीच्या प्रमाणात उपलब्ध नव्हती.

पुनरागमनानंतरचे गाणे ऐकून रसिकांत दोन तट पडले. स्वर कधी एखाद्या हाकेसारखा उंच जाई, कधी कुजबुजीइतका सूक्ष्म होई. मध्येच नि:शब्द अवकाश येई आणि त्या अवकाशात केवळ तंबोरे बोलत. तंबोरा जुळवण्यावर ते किती वेळ आणि किती बारकाईने खर्च करीत, हे त्यांच्या श्रोत्यांना ठाऊक आहे. बंदिशीचा मुखडा, तिचा शब्द, तिची लय यांना त्यांच्या गाण्यात असे स्थान मिळाले की बंदिश ही विस्ताराची सबब न राहता स्वतःच एक विधान झाली. जुन्या वळणाच्या जाणकारांनी याला तुटकपणा म्हटले. विलंबित ख्यालाचे संथ, क्रमशः उमलणारे शिल्प यात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या पक्षाने या शैलीचे समर्थन करताना सारा भार आजारावर टाकला. एक फुप्फुस असल्याने बिचाऱ्याने छोटे छोटे तुकडे गायले, असा त्या समर्थनाचा भावार्थ.

प्रस्तुत लेखकास हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. ज्याला किराणा पद्धतीची स्वरसमाधी हवी आहे त्याची तहान कुमारजींकडे सर्वकाळ भागत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण शैलीचे मूळ केवळ व्याधीत शोधणे हा कलावंतावर अन्याय आहे. व्याधीने काही वाटा बंद केल्या, हे खरे. परंतु बंद वाटेपाशी बसून न राहता त्यांनी जी वाट काढली ती अंथरुणावर ऐकलेल्या लोकधुनींनी दाखवलेली होती. लोकगीत थोडक्यात बोलते आणि पुरते बोलते. बाई जात्यावर वा वाटेवर गाते तेव्हा आलापाला सवड नसते. आटोपशीर आणि तरीही परिपूर्ण स्वरवाक्य कसे असावे, हे त्यांनी तेथून घेतले. श्वास अपुरा पडला म्हणून ते गाणे लहान झाले नाही. ते नेमके झाले.

आता त्यांच्या वाग्गेयकारत्वाकडे वळू. १९६५ साली मुंबईच्या मौज प्रकाशनाने 'अनूपरागविलास' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वररचित व शब्दरचित बंदिशींचा हा स्वरलिपीसह संग्रह. दुसरा भाग त्यांच्या निधनानंतर, १९९३ मध्ये आला. पारंपरिक बंदिशींचे विषय ठरलेले असतात. सासू-नणंदेचा जाच, वाट अडवणारा कान्हा, विरहिणीची रात्र, दाराशी आलेला पाहुणा प्रियकर. हे विषय कुमारजींनी टाकले नाहीत, पण त्यांच्या शेजारी स्वतः पाहिलेले जग आणून बसवले. माळव्यातील ऋतू, झाडे, घरातील लहानमोठे प्रसंग, बोलीतील शब्द त्यांच्या रचनांत आले. एकच उदाहरण द्यावयाचे तर मधसुरजा रागातील त्यांची बंदिश पाहावी. माध्यान्हीच्या सूर्याची आठवण देणारा हा राग. बंदिशीचा विषय म्हणजे देवीपुढे बळी द्यावयास नेलेली बकरी. घरी आपले लेकरू एकटे आहे, म्हणून मातेने आपणास वाचवावे, अशी ती देवीची करुणा भाकते. टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसालाच ही रचना सुचावी. ख्यालाच्या बंदिशीत बळीच्या पशूला वाचा देण्याचे धैर्य पूर्वसूरींत शोधू गेल्यास क्वचितच आढळेल. येथे शब्द, स्वर आणि दुपारची ती निर्दय वेळ ही तिन्ही एकाच मनातून निघाली आहेत. शार्ङ्गदेवाच्या कसोटीस उतरणारी रचना ती हीच.

भाषेच्या दृष्टीनेही हा प्रवास विलक्षण आहे. मातृभाषा कानडी, शिक्षण मराठी मुंबईत, संसार माळव्यात आणि रचना ब्रजमिश्रित हिंदीत व माळवीत. मल्हारराव होळकरांच्या काळापासून माळव्यात आलेल्या आपणा मराठी कुटुंबांना या स्थलांतराचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. दोन पिढ्या येथे राहूनही येथील बोली ही नोकरमाणसांशी बोलावयाची भाषा मानणारी घरे आपल्यात होती. कुमारजी येथे आले ते रुग्ण म्हणून, आणि थोड्याच वर्षांत माळवी बोलीच्या गाण्यांचे सर्वांत अधिकारी भाष्यकार झाले. मातीशी नाते जन्माने जडते तसे कान देऊन ऐकल्यानेही जडते, याचा याहून मोठा पुरावा हवा कशाला?

इंदूरशी त्यांचा ऋणानुबंध आयुष्यभर राहिला. 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, रंगकर्मी बाबा डिके आणि कुमारजी ही मित्रमंडळी प्रसिद्धच होती. रामूभैया दाते यांच्यासारखा मर्मज्ञ श्रोता इंदुरात होता. त्यांचे चिरंजीव अरुण दाते यांनी पुढे मराठी भावगीतात नाव मिळवले, त्यांच्या सुरुवातीच्या शिक्षणात कुमारजींचा वाटा होता. १९५५ साली इंदुरात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. उस्ताद अमीर खाँ हे इंदूरचेच. १९१२ साली जन्मलेल्या खाँसाहेबांनीही अनेक शैलींचे मंथन करून स्वतःची गायकी घडवली आणि 'सूररंग' या नावाने रचना केल्या. एकाची संथ गंभीर विलंबित लय आणि दुसऱ्याची चपल, चकित करणारी मध्यलय ही दोन टोके खरी, पण घराण्याची पाटी न लावता स्वतःच्या प्रज्ञेवर उभे राहण्याचे धाडस दोघांचे समान. माळव्याच्या या एका टापूत एकाच काळी असे दोन पुरुष वावरले, हे आपले भाग्य.

वैयक्तिक जीवनात आणखी एक आघात वाट पाहत होता. १९५६ मध्ये पुत्र मुकुल यांचा जन्म झाला. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या, यशोवर्धनाच्या, बाळंतपणात भानुमतीबाई कालवश झाल्या. ज्या स्त्रीने त्यांना मृत्यूच्या दारातून परत आणले तीच निघून गेली. टेकडीच्या पायथ्याच्या घराचे 'भानुकुल' हे नाव तिची स्मृती वाहते. १९६२ मध्ये देवधरांकडील परंपरेतल्याच वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील तीन दशके वसुंधराताईंचा स्वर मैफलीत त्यांच्या साथीला राहिला आणि त्यांच्या निधनानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, त्यांनी ही विद्या पुढे दिली. कन्या कलापिनी आणि नातू भुवनेश यांनी तो वारसा चालवला.

स्वतंत्र गायकाला श्रोतेही स्वतंत्रपणे घडवावे लागतात. दरबार नाही, तेव्हा तिकीट काढून येणारा रसिक हाच आश्रयदाता. हे ओळखून कुमारजींनी मैफलीचे स्वरूपच बदलले. एखादा विषय घेऊन त्याभोवती संपूर्ण कार्यक्रम गुंफण्याची त्यांची कल्पना त्या काळी अगदी नवी होती. 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' यांत त्या त्या ऋतूची लोकगीते व बंदिशी एका सूत्रात आल्या. 'त्रिवेणी'त कबीर, सूरदास आणि मीरा एकत्र आले. 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात एका गंधर्वाने दुसऱ्याचा अर्थ लावला. नक्कल करण्याची सिद्धी लहानपणीच असलेल्या माणसाने येथे नक्कल कटाक्षाने टाळली आणि शीर्षकातच आपली भूमिका स्पष्ट केली, हे मर्मज्ञांच्या ध्यानी येईल. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी 'गांधी मल्हार' हा राग रचला. ज्या दिवसांत ते देवासला आले त्या दिवसांचे ऋण जणू वीस वर्षांनी फेडले.

मराठी वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा कार्यक्रम म्हणजे 'तांबे गीत रजनी'. कविवर्य भा. रा. तांबे यांचे आयुष्य देवास, इंदूर, ग्वाल्हेर याच परिसरात गेले. गेयता हा त्यांच्या काव्याचा प्राण. १९४१ साली तांबे निवर्तले, म्हणजे कुमारजी माळव्यात येण्यापूर्वीच. या दोघांची भेट व्हावयाची ती शब्द आणि स्वर यांच्याच माध्यमातून होती. कवी अनिलांच्या कवितांनाही त्यांनी चाली दिल्या व त्या स्वतः गायल्या. बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी त्यांनी गायलेली गीते घरोघरी पोहोचली. मराठी भावगीत सुगम म्हणून सोपे असते, हा समज या गायनाने खोडून काढला.

आणि कबीर. निर्गुणी भजनांचे त्यांचे गायन हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. कबीर यापूर्वीही मैफलीत गायला जाई, परंतु भैरवीपूर्वीचा वा नंतरचा भक्तिरसाचा शिडकावा म्हणून. कुमारजींनी तो नाथपंथी जोग्यांकडून, धुनीवरील भजनांतून घेतला. त्या भजनांत याचना नाही. एकाकी, निर्भय, रित्या आकाशाकडे फेकलेली हाक आहे. पाच-सहा वर्षे मरणाच्या शेजारी राहिलेल्या माणसाला ती हाक ओळखीची वाटली असल्यास नवल नाही. आजही माळव्याबाहेरच्या कित्येकांना कबीर ऐकू येतो तो याच आवाजात.

मानसन्मान यथावकाश आले. १९७७ साली पद्मभूषण, १९९० साली पद्मविभूषण. २०१४ मध्ये भारतीय डाक विभागाने थोर संगीतकारांच्या मालिकेत त्यांच्यावर तिकीट काढले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. ज्या गावात आजारातून उठण्यापुरते राहावयाचे म्हणून आले, ते गाव त्यांनी कीर्तीच्या शिखरावर असतानाही सोडले नाही. मुंबई, पुणे, दिल्ली यांपैकी कोठेही त्यांचे स्वागत झाले असते. राजधानीपासून दूर राहूनही कलावंत मध्यवर्ती असू शकतो, हे त्यांनी केवळ राहून सिद्ध केले.

आता एक प्रश्न उरतो. कुमारजींच्या पश्चात त्यांच्या शैलीचे घराणे व्हावे काय? सत्यशील देशपांडे, मधुप मुद्गल, विजय सरदेशमुख अशा शिष्यांनी आणि मुकुल शिवपुत्रांनी त्यांची विद्या आपापल्या प्रकृतीने आत्मसात केली. पण घराणे नाकारून उभा राहिलेल्या गायकाच्या नावाने घराणे चालवणे ही विसंगती टाळता येईल का? त्यांच्या हरकती आणि त्यांचे विराम उचलणारे पुष्कळ निघाले. लहानपणी तबकडीची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुलाचीच ती पुनरावृत्ती झाली, देवधरांच्या हाती पडण्यापूर्वीच्या मुलाची. कुमारजींचा खरा वारसा त्यांच्या गळ्याच्या लकबींत नसून त्यांच्या ऐकण्याच्या पद्धतीत आहे. स्वतःच्या खिडकीखालून जाणारे गाणे मन लावून ऐकणारा कोणीही त्यांचा वारसदार होऊ शकतो, मग तो त्यांच्यासारखा मुळीच न गाणारा का असेना.

त्यांच्या स्वातंत्र्याचा अर्थही येथेच स्पष्ट होतो. ते कोणाचेच काही लागत नव्हते म्हणून स्वतंत्र होते, असे नव्हे. गुरूचे ऋण, पत्नीचे ऋण, नाव ठाऊक नसलेल्या गवळणींचे आणि जोग्यांचे ऋण, इंदूर-देवासच्या मित्रांचे ऋण, एवढी ऋणे त्यांनी घेतली. मात्र प्रत्येक ऋण नव्या रचनेच्या रूपाने फेडले. घेतलेले जसेच्या तसे परत करणे म्हणजे सांभाळ. त्यात भर घालून परत करणे म्हणजे परंपरा.

ग्रंथालयाच्या सभासदांनी या चरित्रातील आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. माळव्यातील ज्या स्त्रियांच्या ओठी त्या धुनी होत्या त्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्याबरोबरच संपावयाची. त्यांतील काही आज 'अनूपरागविलास'च्या पानांवर रागरूपाने आहेत आणि तो ग्रंथ ग्रंथालयाच्या फडताळात राहू शकतो. स्वरलिपी म्हणजे गाणे नव्हे, हे खरे. पण ती बियाण्यासारखी असते. योग्य हाती पडेपर्यंत ती जपून ठेवणे एवढेच ग्रंथालयाचे काम. कुमारजींची जन्मशताब्दी २०२४ साली झाली. मधसुरजा, लगनगंधार, मालवती यांची नावे ज्यांनी केवळ वाचली आहेत अशा सभासदांनी तो ग्रंथ एकदा मागून घ्यावा आणि स्वरलिपी वाचता येणारा कोणी परिचित असेल तर त्याच्यापुढे उघडावा.